तिलावत (कुरआनचं वाचन) करताना थांबायचं कुठे आणि परत सुरू करायचं कुठून

रमजानमध्ये कुरआन खतम करायच्या घाईत आपण श्वास संपला की जिथे असू तिथे थांबतो आणि पुढच्या शब्दापासून चालू करतो, मी पण बरीच वर्षं हेच करत होतो. पण सूरे निसाची 43 वी आयत बघा. 'ला तक़रबुस्सलात' वर थांबलात तर अर्थ होतो 'नमाजच्या जवळ जाऊ नका', आणि लगेच पुढे आहे 'व अन्तुम सुकारा', म्हणजे 'तुम्ही नशेत असताना'. हुकूमच उलटा झाला ना!

आपल्याकडच्या कुरआन शरीफमध्ये ओळीच्या वर बारीक अक्षरं असतात ती आधी ओळखायला शिका. मीम (م) असेल तर थांबायचंच, तोय (ط) असेल तर बात पूर्ण झाली म्हणून थांबलेलं बरं, जीमला (ج) दोन्ही चालतं, आणि आयतीच्या मध्ये 'ला' (لا) दिसला तर थांबू नका.

मीम किती कामाचा आहे ते सूरे यासीनच्या 76 व्या आयतीत कळतं, जी आपल्या घराघरात वाचली जाते. 'फला यहज़ुन्क क़ौलुहुम', त्यांच्या बोलण्याने तुम्ही दुःखी होऊ नका, इथे मीम आहे. न थांबता 'इन्ना नअलमु' जोडलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की 'आम्हाला सगळं माहीत आहे' हे ते काफिरच बोलतायत, खरं तर ते अल्लाह फरमावतोय.

आता मधेच श्वास तुटला तर? त्यात गुनाह नाही, जाणूनबुजून केलेलं नाही ना. फक्त दोन-चार शब्द मागे जा, अर्थ जुळेल तिथून परत घ्या. विशेष करून 'क़ालू' नंतर जपा. सूरे माइदाच्या 73 व्या आयतीत 'लक़द कफरल्लज़ीन क़ालू' वर श्वास गेला आणि तुम्ही 'इन्नल्लाह सालिसु सलासा' पासून सुरू केलं तर 'अल्लाह तिघांतला तिसरा आहे' हे तुमच्याच तोंडचं वाक्य होतं, म्हणून तिथे परत 'लक़द कफर' पासूनच घ्यायचं.

अजून एक, थांबताना शेवटचा पेश (उ चा उच्चार) किंवा ज़ेर (इ चा उच्चार) बोलायचा नाही, सूरे फातिहात 'नस्तईनु' नाही, 'नस्तईन'.

सुरुवात यासीनपासूनच करा. पेन्सिलने प्रत्येक मीमला गोल करा, मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि ते कुरआन नीट वाचायला शिकवणाऱ्या एखाद्या कारीसाहेबांना ऐकवा.