सुतारकामाचा छंद लागलाय? मग या चुका टाळा

मुलुंडला माझ्या बाल्कनीत दर रविवारी दोन-तीन नवशिके शिकायला येतात. माणसं वेगळी, चुका त्याच. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

सगळ्यात महागात पडते ती घाई. वखारीतून लाकूड आणलं की त्याच दुपारी करवत लावायची. रे रोडच्या वखारीत जुलैत उभी असलेली फळी पावसाळी हवेतला ओलावा पिऊन बसलेली असते. त्या दिवसांत मुंबईच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लाकडात साधारण १८ टक्के ओलावा. थंडीत हवा कोरडी झाली की तो ११ टक्क्यांपर्यंत उतरतो. लांबीत काही कळत नाही, पण रुंदीत लाकूड आक्रसतं. दीड फूट रुंदीचा सागवानी फळा चार-पाच मिलिमीटर सहज कमी होतो.

मी हे शिकलो गणपतीसाठी केलेल्या पाटावर. तीन फळ्या फेव्हिकॉलने जोडल्या, खालून दोन आडव्या पट्ट्या मारल्या, त्याही फेव्हिकॉल लावून आणि स्क्रूने गच्च आवळून. गणपती थाटात बसले. जानेवारीत एका रात्री काडकन आवाज झाला. सकाळी पाट काढून बघतो तर मधली फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाटलेली, फटीत नख जाईल एवढी. जोडलेले सांधे मात्र शाबूत! लाकडाला आक्रसायचं होतं आणि पट्ट्यांनी त्याला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं. मग आजीचा जुना पाट उलटा केला. त्याच्या पट्ट्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या, ना सरस ना खिळा. तो पाट अजून सरळ आहे.

आता मी फळ्या आणल्या की मध्ये बारीक पट्ट्या घालून, भिंतीपासून लांब रचून ठेवतो. एक तुकडा दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. वजन उतरायचं थांबलं की कामाला हात. कधी तीन आठवडे लागतात, कधी पाच. आडव्या पट्टीचा मधला स्क्रू घट्ट बसवतो आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोकं पाडतो, म्हणजे फळ्यांना हलायला जागा राहते. एवढा धीर नसेल तर प्लायवूडवर काम करा, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी चूक बोथट पटाशी (लाकूड तासायची सपाट छिन्नी). नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली नवी पटाशी धारदारच असणार, हा समज सोडा. तिची धार आपल्यालाच काढायची असते. मी जाड काचेवर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) चिकटवतो, आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००. आधी पटाशीची पाठ सपाट, आरशासारखी, मगच पुढची धार. पाइनच्या तुकड्याच्या टोकावर ती चालवून बघतो. चुरा पडला तर परत कागदावर, पातळ सलग साल निघाली तर तयार. हे काम अर्धा तास खातं आणि शिकणाऱ्यांना नेमका तोच नको असतो. गेल्या वर्षी एकाने बोथट पटाशी रेटली, ती सटकून त्याच्या डाव्या तळहातात शिरली. तीन टाके पडले. धारेला जोर लागत नाही, म्हणून हात ताब्यात राहतो. आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

ग्राइंडरला दात असलेलं लाकडाचं पातं लावून, वरचं गार्ड काढून कापणारे रोज दिसतात. ते मशीन मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेतं आणि पातं अडकलं की हातातून उसळतं. साइटवर कोणी करत असेल, माझ्या बाल्कनीत चालणार नाही.

आठ बाय चारचं प्लायवूड लिफ्टमध्ये मावत नाही, मापं लिहून नेऊन दुकानातच कापून घ्या.

पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा, आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात.

बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा.

सुरुवातीला एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या आणि काटकोन तपासायला एक अचूक गुण्या पुरतो.

अळशीच्या तेलाची चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मी ती बाल्कनीच्या दोरीवर पसरून पार कडक होईपर्यंत वाळवतो, मगच फेकतो.