झावळ्या-करवंट्यांपासून मातीसाठी कोळसा आणि चुलीसाठी इंधन

गोव्यातील बरीच कुळागरे (माड-पोफळींच्या मिश्र बागा) आणि काजूच्या बागा जांभ्या मातीवर उभ्या आहेत. ही माती आम्लधर्मी असते, आणि वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडणारा पाऊस तिच्यातील पोषकद्रव्ये धुऊन नेतो. त्याच बागांतील झावळ्या, पोयी (माड-पोफळीच्या फुलोऱ्यावरची आवरणे), करवंट्या आणि काजूच्या छाटलेल्या फांद्या मात्र ढीग करून पेटवल्या जातात व त्यांची नुसती राख होते, याचे वाईट वाटते. हाच माल अपुऱ्या हवेत जळाला, तर त्याचा सच्छिद्र कोळसा बनतो, जो मातीत दीर्घकाळ टिकतो, ओलावा व खत धरून ठेवतो आणि आम्लताही थोडी कमी करतो.

काम जानेवारी ते एप्रिलदरम्यान, माल कडक वाळल्यावर आणि वारा पडलेला असताना करावे. झाडांपासून व वाळलेल्या गवतापासून दूर, वर सुमारे सव्वा मीटर रुंद आणि तळाशी निमुळता होत जाणारा, 60 ते 75 सेंटिमीटर खोल खड्डा खणावा. त्यात बारीक काटक्या रचून आग वरच्या बाजूने लावावी. निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागली की वाळलेल्या मालाचा पुढचा पातळ थर टाकावा आणि खड्डा भरेपर्यंत असेच करत जावे. वरची ज्वाळा आत येणारी हवा वापरून टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळून जात नाही आणि धूरही जळून जातो. दाट धूर निघाला, तर माल ओला आहे किंवा थर घाईने टाकले गेले आहेत, असे समजावे. काजूबियांची टरफले यात मुळीच घालू नयेत. त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना व त्वचेला अपाय करतो.

शेवटचा थर राखाडी होताच भरपूर पाणी ओतून कोळसा ढवळावा. एखादा दडलेला निखारा राहिला, तरी सगळा ढीग पुन्हा पेटू शकतो. चांगला कोळसा हलका असतो आणि हाताला लागलेली काजळी साध्या पाण्याने निघते. ती चिकट लागली, तर कोळसा अर्धवट झाला आहे.

फांद्या-झावळ्यांचा कोळसा मातीसाठी ठेवावा, पण कोराच घालू नये, कारण तो सुरुवातीला मातीतील नत्र स्वतःकडे ओढतो. तो कुटून शेणखतात किंवा जीवामृतात (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवखतात) दोन-तीन आठवडे मुरवावा आणि पावसाच्या तोंडावर माडाच्या आळ्यात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात, मातीत मिसळावा.

करवंटीचा कोळसा इंधनासाठी उत्तम. त्याची भुकटी दाट पेजेत मळून मुठीएवढ्या वड्या थापाव्यात आणि उन्हात खडखडीत वाळवाव्यात. त्या मोकळ्या जागीच पेटवाव्यात, कारण बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

स्वयंपाकघरातील ओला कचरा या खड्ड्यासाठी नाही. त्याचा बायोगॅस करणे योग्य, जसा गोव्यातील साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात होतो.