पद्मिनीचा गिअर ढिला झालाय? बुश घेण्याआधी पिन मोजा

स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी जपताय आणि गिअर शोधावा लागतोय? लगेच गिअरबॉक्स उघडू नका. इंजिन बंद ठेवून एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने लिंकेजचे, म्हणजे दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचे, सांधे पाहावेत. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी जागची हलत नाही, तिथला बुश (पिनीवर बसणारी छोटी नळी) झिजून गेला.

नवा बुश जुन्याच्या भोकावरून कधीच घेऊ नका, ते झिजून मोठं झालेलं असतं. व्हर्निअरने (बारीक मापाच्या पकडीने) पिनीची जाडी आडवी-उभी मोजा. मापं वेगळी आली तर पिनच लंबगोल झालीय; तिच्यावर नवा बुश म्हणजे पैसे पाण्यात.

रबर थरथर गिळतं, पण गिअर गुळमुळीत लागतो, नेमका नाही. पितळी बुश टिकतो, मात्र ग्रीस चुकलं की पिन खातो, वर खडखडाट. माझी पसंती नायलॉनला. तो ओलावा शोषून किंचित फुगतो, म्हणून कोकणात किंवा मुंबईत अगदी घट्ट बसवू नका. गरम पाण्यात ठेवला की सहज बसतो. रबरी बुशला साधं ग्रीस लावू नका, फुगतो. सिलिकॉन ग्रीस घ्या.

बसवल्यावर न्यूट्रलमध्ये लिंकेजच्या रॉडची (सळीची) लांबी पुन्हा जुळवायची.