धर्मग्रामाचे साप्ताहिक वार्तापत्र कसे काढावे

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजात, रविवारी मिस्साच्या (चर्चमधील सामूहिक उपासनेच्या) शेवटी वाचल्या जाणाऱ्या सूचना केवळ हजर असलेल्यांच्या कानी पडतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो या रुग्णालयांमधील रात्रपाळीच्या परिचारिका, गाडीवर असलेले रेल्वे कर्मचारी, हिंगण्याच्या एमआयडीसीतील पाळीचे कामगार आणि घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध यांना त्या ऐकायला मिळत नाहीत. म्हणून वार्तापत्र सुरू करणाऱ्यांनी ते गैरहजर माणसासाठी लिहावे. काय छापावे, किती छापावे आणि कोणाच्या हाती द्यावे, हे प्रश्न मग बरेच सोपे होतात.

या कामाला आपल्या शहरात जवळचा आधार आहे. सदरमधील कॅथेड्रल (बिशपांचे मुख्य चर्च) ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी आल्प्समधील शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात तेव्हा शिकवण कागदावर लिहून ते कागद घरोघरी दारांखालून सरकवले होते. पोप अकरावे पायस यांनी 1923 मध्ये त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांचा सण 24 जानेवारीला असतो. पहिला अंक त्या आठवड्यात काढणे उचित ठरेल.

प्रथम प्रमुख धर्मगुरूंची संमती घ्यावी आणि तीन-चार जणांचे मंडळ नेमावे. आठवड्याचे वेळापत्रक शेवटाकडून ठरवावे: शनिवारी संध्याकाळच्या मिस्सापूर्वी प्रती हाती हव्या असतील, तर शुक्रवारी फादरांनी मजकूर वाचलेला असावा, गुरुवारी पडताळणी व्हावी आणि बुधवारी रात्रीनंतर आलेली बातमी, निधनवार्ता वगळता, पुढच्या अंकात जावी. हा नियम पहिल्या महिन्यात कटाक्षाने पाळला, तरच पुढे टिकतो.

बातमी लिहिताना गैरहजर वाचकाला पडणारे प्रश्न आधीच सोडवावेत. ‘युवकांची सभा रविवारी होईल, सर्वांनी यावे’ या वाक्यातून कोणता रविवार, किती वाजता, कुठे आणि कोणत्या वयाचे युवक, यांपैकी काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘रविवार, दिनांक अमुक रोजी सकाळी साडेनऊ वाजता, दुसऱ्या मिस्सानंतर, धर्मग्राम सभागृहात सोळा ते तीस वर्षांच्या युवकांची सभा होईल, विषय नाताळच्या गायनाची तयारी’ असे लिहावे. मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि मल्याळम बोलणारी कुटुंबे एकाच धर्मग्रामात असतात, पण संपूर्ण मजकूर अनेक भाषांत देण्याचा खटाटोप करू नये. दिनांक, वेळ आणि ठिकाण एवढेच हिंदीत पुन्हा द्यावे, हे माझ्या मते पुरेसे आहे.

सर्वांत जास्त काळजी निधनवार्तेची घ्यावी, कारण तीत चुकलेले एक अक्षर घरच्यांना वर्षानुवर्षे सलते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर कधीही तसाच उतरवू नये. घरातील एकाच जबाबदार व्यक्तीशी फोनवर बोलून ख्रिस्तवासी झालेल्या व्यक्तीचे पूर्ण नाव, वय, वस्ती, अंत्यविधीच्या मिस्साची वेळ आणि दफनभूमी विचारून घ्यावी, नाव धर्मग्रामाच्या नोंदवहीशी ताडून पाहावे आणि लिहिलेला मजकूर त्याच व्यक्तीला वाचून दाखवावा. आजाराचे कारण घरच्यांनी सांगितले तरी छापू नये. आजाऱ्यांची नावे प्रार्थनेसाठी देताना त्यांची परवानगी घ्यावी आणि दर महिन्याला पुन्हा विचारावे. बरा होऊन कामावर रुजू झालेला माणूस यादीत राहिला, तर त्याला आणि वाचणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होते.

विवाहाच्या जाहीर घोषणा कार्यालयाकडून आल्या तशाच, वधूवरांचे आईवडील व धर्मग्राम यांसह छापाव्यात. जागा वाचवण्यासाठी त्या छाटू नयेत, कारण विवाहात काही अडथळा असल्याचे ज्याला माहीत असेल त्याने तो धर्मगुरूंना कळवावा, हाच त्यांचा उद्देश आहे. जमाखर्च द्यायचा असल्यास चर्चच्या कायद्यातील कॅनन (कलम) 537 नुसार प्रत्येक धर्मग्रामात असलेल्या अर्थविषयक मंडळाच्या मंजुरीनेच द्यावा. मुलांची छायाचित्रे पालकांच्या होकाराशिवाय घेऊ नयेत.

वर्षाचा आराखडा आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारापासून आखावा, कारण उपासनेचे वर्ष तेथून सुरू होते. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार यांच्या आधीच्या अंकात उपवास व मांसवर्ज्याचा नियम ठळक चौकटीत द्यावा: मांसवर्ज्य चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून, तर उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. उन्हाळ्यात मिस्साच्या वेळा बदलल्यास तो बदल सलग तीन अंकांत छापावा. मे महिन्याच्या उन्हात आलेल्या वृद्धाला बंद दार दिसणे ही साधी गैरसोय नव्हे.

ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजू पुरतात, मात्र अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नसावे. प्रती चर्चच्या दाराशी ठेवून थांबू नये. प्रत्येक वस्तीतील लहान ख्रिस्ती समूहाच्या (शेजारच्या कुटुंबांच्या प्रार्थनागटाच्या) प्रतिनिधीने, न येऊ शकलेल्यांची घरे ठरवून, अंक हातात द्यावा, घटकाभर बसावे आणि त्या घरातील बातमी विचारून बुधवारपर्यंत मंडळाला कळवावी. वार्तापत्रातील उत्तम मजकूर असाच मिळतो. चूक झालीच, तर दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्यावी.

प्रत्येक अंकाची एक प्रत कार्यालयात फाइलला लावावी आणि वर्षाअखेरीस बांधून घ्यावी. नागपूर धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्र) 1887 मध्ये स्थापन झाला आणि 1953 मध्ये महाधर्मप्रांत झाला, एवढे सर्वत्र नोंदलेले सापडते. पण आपल्या वस्तीत पहिले गायनमंडळ कोणी चालवले किंवा पुरात कोणी कोणाला घरात घेतले, हे शोधणाऱ्याला ती फाइलच उपयोगी पडेल.