चाळिशीनंतरचं वजन: स्वयंपाक एकच, ताटं वेगळी

चाळिशी ओलांडलेल्या घरात वजन कमी करायचं ठरतं ते बहुतेक वेळा रिपोर्टमुळे. ऑफिसच्या तपासणीत साखर काठावर निघते, किंवा दादरचा पूल चढताना धाप लागते, आणि सोमवारपासून घरात एकाचं वेगळं शिजू लागतं. ओट्स, उकडलेल्या भाज्या, दुधीचा रस. बाकीच्यांचं वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या चालूच. पंधरवड्यात ओट्सचा डबा कपाटात मागे ढकलला जातो. पहाटे साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला रोज दुसरा स्वयंपाक झेपत नाही, आणि चौघं बटाटेवडे खात असताना पाचव्याने काकडी चावत बसणं फार दिवस चालत नाही.

म्हणून इथे सांगतोय ती पद्धत वेगळी आहे. स्वयंपाक सगळ्यांचा एकच. अख्ख्या घरासाठी फक्त तीन गोष्टी बदलायच्या: तेल, खाऊच्या बरण्या आणि रात्री जेवायची वेळ. बाकीचं ज्याचं त्याच्या ताटात.

१. आधी मोजा, पण मोठ्यांनीच

वजनकाट्याआधी शिंप्याची टेप काढा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. 'माझी पँट ३४ ची आहे' याला अर्थ नाही, कारण पँट केव्हाच पोटाखाली सरकलेली असते. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंचांच्या आसपास) आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) ही धोक्याची रेघ मानतात. भारतीयांची चरबी पोटावर लवकर साठते, त्यामुळे बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) मर्यादाही आपल्याला कडक लागते: २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. उंची १६५ सेंटिमीटर असेल, तर २३ म्हणजे साधारण साडेबासष्ट किलो आणि २५ म्हणजे ६८.

हे वाचून ७८ किलोच्या माणसाने एकदम ६२ चं स्वप्न बघू नये. आहे त्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे चार किलो, तीन-चार महिन्यांत. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू शकतो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तमच. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर त्यात पाणीच जास्त असतं, पार्टी देऊ नका.

सुरुवात करण्याआधी फॅमिली डॉक्टरकडे एक चक्कर. एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), थायरॉइडसाठी टीएसएच, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल, रक्तदाब. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही अचानक जेवण कमी केलंत, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गर्दीच्या लोकलमध्ये घाम फुटून चक्कर येणं गमतीचं नाही. वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दल विचारायचं असेल तर तेही इथेच विचारा. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधं आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी करून मागवायची नव्हेत.

शाळकरी मुलांना मात्र काट्यावर उभं करू नका. ती वाढताहेत. वयात येणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत 'तुझंही वजन बघू गं' म्हणणं तर अजिबातच नको.

२. तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवा

रोज चमचे मोजणारा माणूस चौथ्या दिवशी कंटाळतो. त्यापेक्षा वाण्याची यादी बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज जवळजवळ ४० मिलिलिटर झालं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच ३ लिटरवर आणलं की माणशी रोज सव्वाशे-दीडशे कॅलरी कमी होतात, आणि त्यासाठी कुणाला उपाशी राहावं लागत नाही. मुलांच्या लक्षातही येत नाही, हे महत्त्वाचं.

करायचं कसं, तर १ तारखेला तीनच पिशव्या आणायच्या आणि महिनाभर पुरवायच्या. फोडणी बाटलीतून थेट ओतायची नाही, चमच्याने घालायची. बोंबील, बांगडा तव्यावर कमी तेलात रव्यात घोळवून छान होतात. कढई फक्त रविवारी चढेल असं ठरवा, आणि रविवारी मात्र मनापासून चढवा. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उरलेलं टाकायला हात धजत नाही. तळण आठवड्यातून एकदाच असेल तर लहान कढईत थोडंच तेल घेऊन हा प्रश्नही सुटतो.

३. बरण्यांचा आकार

फरसाण, खारी, चकली, बिस्किटं. ही घरातून हद्दपार करायला जाल तर बंड होईल. फक्त अर्धा किलोऐवजी १०० ग्रॅम आणा. संपलं की संपलं, पुढच्या आठवड्यापर्यंत नाही. चहात दोन-दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप असतील तर १६० कॅलरी तिथेच गेल्या. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या, जीभ बदलते.

४. ताट वाढण्याची रीत

अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. पाव ताटात डाळ, उसळ, अंडं, मासे किंवा पनीर. उरलेल्या पाव ताटात भात किंवा पोळी किंवा भाकरी. वाढत्या मुलाच्या ताटात हाच पाव भाग अर्धा होईल, तुमच्या नाही. वेगळं काय ते एवढंच.

भाताला आपण उगाच बदनाम केलंय. भरपूर वाटीभर शिजलेल्या भातात दोनशेच्या जवळ कॅलरी असतात, आणि तेल न लावलेल्या एका मध्यम पोळीत शंभरच्या आसपास. 'मी भात सोडला' असं सांगत जो त्याऐवजी दोन तेल लावलेल्या पोळ्या जास्त घेतो, त्याने नक्की काय सोडलं? कोकणी माणसाने माशाच्या कालवणाबरोबर भातच खावा. वाटीभर खावा आणि पातेलं ओट्यावरच ठेवावं. टेबलावर पातेलं आलं की बोलता बोलता दुसरा डाव पडतोच.

खरी कमतरता प्रथिनांची असते. तिशीनंतर शरीरातले स्नायू हळूहळू घटत जातात, आणि बायकांमध्ये पाळी जाण्याच्या काळात चरबी पोटाकडे सरकते. अशा वयात नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि माणूस बारीक पण मरगळलेला दिसतो. अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात जवळपास तितकीच. शाकाहारी घरात मटकी, मूग, हरभरे, ताक, आणि सोयाबीनच्या वड्या: कोरड्या वड्यांच्या वजनात निम्मं प्रथिन असतं. पातळ वरणाची अर्धी वाटी यात फारशी धरू नका. वरण जरा घट्ट करा.

आणि कोशिंबीर कोण चिरणार? आजवर जी चिरत आलीय तिच्याच डोक्यावर हेही पडणार असेल, तर ही योजना महिनाभरही टिकणार नाही. ज्याला वजन कमी करायचंय त्याने रात्री परतल्यावर सुरी हातात घ्यावी. 'अगं, आज सॅलड नाही का?' हे विचारणाऱ्या नवऱ्याचं वजन कमी होऊच नये असं मला वाटतं.

५. संध्याकाळचे सहा

मुंबईकराचा दिवस बिघडतो तो इथे. दुपारी एकला डबा खाल्लेला, घरी पोचायला नऊ. मधले आठ तास पोटात फक्त चहा. मग स्टेशनबाहेर वड्याची गाडी दिसते. एक वडापाव साधारण ३०० कॅलरींच्या घरात जातो, पण खाताना कुणी एकावर थांबत नाही. बरं, न खाता घरी आलात तरी धोका तोच: ताट येईपर्यंत हातात फरसाणाची बरणी असते, आणि मग दहा वाजता पोटभर जेवून साडेदहाला झोप.

यावर उपाय म्हणजे सहा वाजता ठरवून खायचं. मनोनिग्रह वगैरे नंतर. मूठभर फुटाणे, दोन उकडलेली अंडी, डब्यात उरवलेली उसळ, एखादं फळ आणि ताकाची बाटली, यातलं जे जमेल ते. शेंगदाणेही चालतात, पण मूठ एकच, कारण ३० ग्रॅम दाण्यांत पावणेदोनशेपर्यंत कॅलरी असतात. बॅगेत फुटाण्यांची पुडी कायम असू द्या. गाडी चुकली, मेगाब्लॉक लागला, पाणी भरून रुळांवर खोळंबलात, तर तीच उपयोगी पडते.

सहाला खाल्लं की रात्रीचं जेवण आपोआप हलकं होतं. घरातल्या बाकीच्यांनी साडेआठला जेवून घ्यावं. एकासाठी सगळे दहापर्यंत ताटकळले की मुलांचं अरबट-चरबट वाढतं. एकत्र जेवायचा हट्ट शनिवार-रविवारसाठी ठेवा. वडापावही शनिवारी, सगळ्यांनी मिळून, एकेक.

६. चालणं, आणि ताकदीचं काम

आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा वेगाने चालायचं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास होते. बोरिवलीकरांना नॅशनल पार्क आहे, माटुंग्याला फाइव्ह गार्डन. पण ज्यांची पहाट डबे भरण्यात जाते त्यांना 'सकाळी फिरायला जा' हा सल्ला निरुपयोगी आहे. मुलाच्या क्लासबाहेर तासभर थांबणाऱ्या आया-बाबांनी तो तास बाकावर न काढता आसपासच्या गल्ल्यांत चालावं. स्टेशनपासून शेअर रिक्षाची रांग लावण्याऐवजी पायी निघालं तर कित्येकदा घर आधी येतं.

जेवणानंतरची शतपावली परत सुरू करा. पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते. नवरा-बायकोला दिवसभरात धड बोलायला मिळणारी वेळही बहुधा तेवढीच.

जून ते सप्टेंबर बाहेरचं अवघडच. तेव्हा बिल्डिंगचे जिने. गुडघे दुखत असतील तर चढून जा आणि लिफ्टने खाली या, उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो. छातीत दुखलं, धाप वाजवीपेक्षा जास्त लागली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. वन रूम किचनमध्येही एका चटईएवढी जागा निघते. उठबस आजी-आजोबांनाही शिकवा, त्यांना तोल सांभाळायला तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे.

७. आजीशी वाद घालू नका

'एवढंसंच? आजारी पडशील हो!' म्हणत सासूबाई किंवा आई ताटात पोळी टाकणारच. नाही म्हटलं की अपमान होतो. त्यापेक्षा उसळींचं खातं त्यांच्याकडे सोपवा. मटकीला मोड त्यांच्याइतके छान कुणाचे येतात? त्यांचं वाढणं उसळीवर आलं की निम्मं काम झालं. सत्तरीपुढच्या माणसांनी मात्र तुमच्याबरोबर आपलंही खाणं तोडू नये. त्या वयात कारण नसताना वजन उतरलं तर ते डॉक्टरांना दाखवायचं असतं.

उपवासाचंही बघा. संकष्टी, गुरुवार, एकादशी मिळून महिन्याचे सात-आठ दिवस सहज होतात, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडलेली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप, बटाटा आणि दाण्याचं कूट. खिचडी एक वाटी घ्या, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. बटाट्याचे वेफर्स वगळले तरी देव रागावत नाही.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत वजन उतरवायचा अट्टहास सोडा. त्या दोन-अडीच महिन्यांत काटा होता तिथे राहिला तरी पुष्कळ. उकडीचे दोन मोदक तुपासकट खा. तिसऱ्याला नाही म्हणायची ताकद नसेल, तर दुपारचा भात तरी सोडा. फराळाच्या पुड्या घरात साठवण्याऐवजी ऑफिसात वाटून टाका.

८. काटा अडला तर

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर. सोमवार टाळा, रविवारचं मटण अजून बोलत असतं. बायकांना पाळीच्या आधी किलोभर जास्त दिसू शकतं, ते पाणी असतं. दोन-तीन महिन्यांनी काटा अडतो तेव्हा बहुतेकांचा धीर सुटतो. हलक्या झालेल्या शरीराला इंधन कमी लागतं, म्हणून तेवढ्याच जेवणात उतार थांबतो. आधी कंबर मोजा. ती कमी होत असेल तर काही बदलू नका. तीही अडली असेल तर महिन्याचं तेल पुन्हा तपासा, बाहेरून मागवलेली जेवणं मोजा आणि रोजचं चालणं दहा मिनिटं वाढवा. झोप पाच तासांवर आली असेल तर ती आधी सुधारा, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी ते करून पैसे घालवू नका. तीन महिने झाले की करा आणि जुना रिपोर्ट, आठवड्यांच्या वजनांची वही, चालू गोळ्यांची यादी असं सगळं घेऊन जा. आकडे सुधारलेले दिसले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डोस कमी करायचा का, हे डॉक्टर ती वही बघून ठरवतील.