मिसिसिपीच्या आगबोटीत जागा कुठे धरावी

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर झाली. त्यामुळे जुन्या अमेरिकन आगबोटींबद्दल वाचतानाही नजर आधी वाफेकडेच जाते. समजा, तुम्ही 1840 च्या सुमारास सिनसिनाटीहून न्यू ऑर्लिन्सला निघालात, तर एवढं सांभाळा.

चिमणीतून धूर दिसला म्हणून धावत सुटू नका. आपल्याकडचा वडापवाला इंजिन चालू ठेवून 'निघालोच' म्हणतो, तसलाच हा कप्तान. माल आणि माणसं भरल्याशिवाय धक्का सोडायचा नाही.

डेकचं तिकीट स्वस्त. वाटेत लाकूड चढवायला हात लावलात तर आणखी स्वस्त. पण झोपायचं खाली, माल आणि जनावरांच्या गर्दीत. बॉयलरही त्याच मजल्यावर, पुढच्या अंगाला. पैसे असतील तर वरची केबिन घ्या, तीही जमेल तितकी मागची. बायकांची केबिन अगदी मागे असायची, ती काय उगाच?

आता खरी भानगड. न्यूयॉर्ककडच्या हडसन नदीवरची, रॉबर्ट फुल्टन या इंजिनियरची 1807 ची बोट कमी दाबाच्या वाफेवर चालायची. ओहायो-मिसिसिपी या नद्यांवर मात्र हलकी, जास्त दाबाची इंजिनं आली. त्यातल्या बऱ्याच बोटींवर बॉयलरला पाणी देणारा पंप मुख्य इंजिनावरच चाले. बोट थांबली की पंप बंद, खाली जाळ मात्र सुरूच! पाणी उतरतं, आतल्या नळ्या उघड्या पडून लाल होतात. आमच्याकडे कुणी असं केलं असतं, तर शिफ्ट संपायच्या आत घरी गेला असता. 25 एप्रिल 1838 ला सिनसिनाटीला 'मोझेल' या आगबोटीच्या कप्तानाला वेग दाखवायचा होता, म्हणून थांबल्यावरही वाफ कोंडून ठेवली. धक्का सोडते न सोडते तोच बॉयलर फुटले. शंभरावर माणसं गेली. तेव्हा बोट सुटताना मागच्या टोकाला उभे राहा.

काठावरची गंमत बघायला सगळे एका कठड्याला धावले, तर तुम्ही दुसऱ्या बाजूला जा. बोट कलली की एकमेकांना जोडलेल्या बॉयलरांतलं पाणी खालच्या अंगाला जातं आणि वरचा कोरडा पडतो.

जाणं 1852 नंतर ढकलता आलं तर उत्तम. त्या वर्षीच्या कायद्याने प्रवासी बोटींच्या बॉयलरची पाण्याच्या दाबाने चाचणी आणि इंजिनियरला परवाना सक्तीचा झाला. तरीही शेजारच्या बोटीशी शर्यत लागली, की मागचीच जागा धरा.