पोराचं बोलणं आणि लक्ष: आईला काय विचारायचं आणि कसं लिहून घ्यायचं

मी सोलापुरात पूर्व भागात बालवाडी घेते. दरवर्षी जूनमध्ये नवीन पोरं आली की एकेका आईला बसवून पोराचं बोलणं कसंय, लक्ष कसंय हे विचारून लिहून घेते. सुरुवातीला माझ्या फॉर्मवर "मूल नीट बोलते का, हो / नाही" आणि "मूल चंचल आहे का, हो / नाही" असे प्रश्न होते. बहुतेक आया दोन्हीला हो करून जायच्या आणि वर्षभर तो कागद फाईलीत पडून राहायचा, त्याच्यावरनं एका पोराचंही काही कळायचं नाही. आईची माहिती चुकीची नव्हती, विचारलेलंच चुकीचं होतं. बालवाडीच्या बाई, अंगणवाडी सेविका, कुणीही हे काम करत असेल त्यांच्यासाठी लिहिते.

मत विचारू नका, प्रसंग विचारा. "चंचल आहे का" हे मत झालं, त्याच्यात शेजारणीचं बोलणं, सासूचा टोमणा सगळं मिसळलेलं असतं. "काल रात्री जेवताना ताटावरनं किती वेळा उठला" हा प्रसंग, आणि तो आई बरोबर सांगते. आपल्यासमोर पोरगं दहा मिनिटं बसतं, त्यात लाजून तोंडच उघडत नाही, त्यामुळं घरातलं माणूस जे रोज बघतं त्याला तोड नाही.

पण घरातलं कुठलं माणूस, हे आधी बघा. आमच्याकडं बाबांची यंत्रमागावर रात्रपाळी असली तर ते दिवसा झोपलेले असतात, आई विड्या वळते किंवा तयार माल द्यायला कारखान्यात गेलेली असते, आणि पोरगं आजीच्या मांडीवर. अॅडमिशनला मात्र बाबाच येतात आणि सगळं भरून देतात. मी आता पहिलाच प्रश्न हा ठेवलाय की दिवसभर पोराजवळ कोण असतं, आणि जमलं तर आजीलाही बोलावते. आजी आणि आई वेगवेगळं सांगतील, दोन्ही लिहा, मधलं काहीतरी काढून लिहू नका. आजीजवळ बडबडणारं पोरगं बाबांसमोर गप्प राहतं हीपण माहितीच आहे.

आता शब्दांचं. "किती शब्द बोलतो" विचारलं की "लई बोलतो ओ मॅडम" एवढंच उत्तर येतं, कारण आठवून मोजणं कुणालाच जमत नाही. यादी वाचून दाखवली आणि "हा शब्द म्हणतो का" विचारलं की आईला पटकन सांगता येतं. मोठ्या चाचण्या याच तत्त्वावर आहेत. मॅकआर्थर-बेट्स नावाची, आईवडिलांकडून भरून घ्यायची शब्दयादी साधारण ८ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या यादीत ३१० शब्द आहेत. रेस्कोर्लांचा निकष असा, २ वर्षांचं मूल ५० पेक्षा कमी शब्द बोलत असेल किंवा दोन शब्द जोडत नसेल ("आई दे", "बाबा गेला" असं) तर पुढं तपासायचं. मूळ यादी इंग्रजीत आहे, ती तशीच मराठी करून वापरू नका. भाकरी, शेंगा, चादर, रिक्षा, ये, दे, नको, गेला, असे आपल्या घरातले शब्द घेऊन स्वतःची यादी करा. फक्त अशा घरगुती यादीवर मार्क देऊन पोराला मागं-पुढं ठरवायचं नाही, ती माहिती गोळा करायला आहे, निकालाला नाही.

शब्द कधी धरायचा? पोरगं स्वतःहून, दरवेळी त्याच गोष्टीला म्हणत असेल तर धरा, उच्चार कसाही असो. कुत्र्याला "भू" म्हणतो, चालेल. आपण म्हटल्यावर नुसतं मागून म्हणतो, किंवा मोबाईलवरचं गाणं घडाघडा म्हणतो पण पाणी पाहिजे असताना हात ओढून माठाजवळ नेतो, तर ते गाण्यातले शब्द धरू नका.

आणि भाषा. इथं एकाच घरात आजीशी तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड किंवा उर्दू असतं. पोरगं आजीला "नीळ्ळु" म्हणतं आणि बालवाडीत "पाणी", तर सगळ्या भाषांचे शब्द मिळून मोजा, नुसते मराठी शब्द मोजले तर चांगलं बोलणारं पोरगंही कागदावर मागं पडलेलं दिसतं. दोन-तीन भाषांमुळं पोरगं उशिरा बोलतं असं आयांना सांगून घरातली भाषा बंद करायला लावतात, कृपा करून हे करू नका. भाषा दोन असल्यानं बोलणं अडत नाही, आणि आजीची भाषा बंद झाली की दिवसभर पोराशी बोलणारं माणूसच गप्प होतं. तसंच पोरगं "काय करलालास" म्हणालं तर ती चूक नाही, ती सोलापूरची बोली आहे.

समजण्याबद्दल जरा सावध राहा. आई म्हणते "सगळं कळतं त्याला", पण "चप्पल आण" म्हणताना तिचं बोट चपलेकडं असतं. तिला सांगा, घरी बोट न दाखवता, तिकडं न बघता सांगून बघा आणि काय झालं ते उद्या सांगा.

"पहिला शब्द कधी आला" हे महिन्यात कुणाला आठवत नाही, तेव्हा "गड्ड्याच्या जत्रेला नेलं तेव्हा काय म्हणत होता, दिवाळीला काय म्हणत होता" असं विचारते, मग आठवतं. तरी आत्ताचं जे आहे त्यावर जास्त भर द्या.

लक्षाचं सगळ्यात अवघड. तासभर मोबाईल बघत बसतो म्हणजे लक्ष चांगलं, असं घरच्यांना वाटतं, म्हणून स्क्रीन नसताना काय करतो ते विचारा. डबे रचताना किती वेळ बसतो, अर्धं सोडून उठतो का, दोन कामं एकदम सांगितली तर दुसरं राहतं का. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी व्हँडरबिल्ट नावाचा फॉर्म असतो, पालकांचा वेगळा आणि शिक्षकांचा वेगळा, प्रत्येक गोष्टीला ० (कधीच नाही) ते ३ (फार वेळा). लक्ष न लागण्याच्या ९ गोष्टींपैकी किमान ६ ला २ किंवा ३ पडले आणि शिवाय अभ्यासात नाहीतर घरी-मित्रांत अडचण येत असेल, तरच पुढचा विचार होतो. एडीएचडी (लक्ष न लागणं, अति चंचलपणा याचा विकार) म्हणायला लक्षणं किमान ६ महिने, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात, आणि ते डॉक्टरच ठरवतात. साडेतीन वर्षांच्या पोरावर आपण तो शिक्का मारायचा नाही.

आणि आधी भाषा, आधी कान बघा, लक्ष त्याच्या नंतर. एका आईनं मला सांगितलं, "ऐकतच नाही, लई हट्टी आहे." मी विचारलं, पाठीमागून हळू हाक मारली तर? ती गप्प झाली. तपासल्यावर दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साठलेलं निघालं. त्या पोराला तिनं किती मार दिला होता ते सांगताना ती रडली, आणि तेव्हापासून मी हा प्रश्न कधी चुकवत नाही.

विचारताना "मोबाईल देता का" याने सुरुवात करू नका, आई घाबरते आणि पुढची सगळी उत्तरं आपल्याला आवडतील तशी देते. आधी पोराला काय आवडतं ते विचारा. आणि लिहिताना तिचेच शब्द लिहा, "अवधान कमी" असं नाही तर "बटण लावताना मध्येच उठून जातो" असं.

१६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं, तर वाट बघायला सांगू नका, "बाबा पण उशिरा बोलले होते" हे ऐकूनसुद्धा नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, तपासणी मोफत असते. पथक यायला वेळ असेल तर सरळ सिव्हिलला पाठवा. सोबत हा कागद द्या, आणि आईला घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवायला सांगा, कारण दवाखान्यात पोरगं परत गप्प बसणार आहे.